पुढून उघडणारा फोन की मागून? दोन्ही खोलून बघितल्यावर

कॅमेरा, प्रोसेसर, चार्जिंगचा स्पीड हे सगळं तुमचं बघून झालंय आणि दोन फोनांवर गाडी अडलीय असं धरून चालतो. फोन चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर अजून एक गोष्ट बघा, जी खोक्यावर लिहिलेली नसते, ती म्हणजे हा फोन उघडतो कुठून. काही फोनांची आधी स्क्रीन वर येते, काहींची पाठ निघते. मी दोन्ही प्रकारचे वापरलेत आणि दोन्ही स्वतः खोललेत. दुरुस्ती हा माझा धंदा नाही, हौस आहे, त्यामुळे हे हौशी माणसाचं मत म्हणूनच वाचा.

पुढून उघडणारे म्हणजे उदाहरणार्थ आयफोन ७ ते १३. खालच्या कडेचे ते पाच पाकळ्यांचे दोन स्क्रू काढायचे, कडा गरम करायच्या, सक्शन कपने स्क्रीन केसभर वर घ्यायची, फटीत पिक, म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पात, सरकवायची आणि मग ती पुस्तकासारखी एका बाजूला उघडते. स्क्रीन फुटली असेल तर यासारखं सुख नाही, कारण पहिला सुटा होणारा भागच तो. बाकी आतल्या कशाला हात लावायची फारशी गरज नाही, तासाभरात काम होतं, निदान माझं तरी झालं होतं.

पण बॅटरी बदलायची असेल तर? इथेच माझं आणि या प्रकाराचं बिनसलं. स्क्रीन धडधाकट आहे, एक ओरखडा नाही, तरी बॅटरीपर्यंत पोचायला आधी तिलाच उचलावं लागतं, आणि ती बोर्डाला फ्लेक्सने, म्हणजे त्या कागदासारख्या पातळ केबलने जोडलेली असते. माझा तीन वर्षं जुना फोन दुपारपर्यंत मान टाकायचा म्हणून बॅटरी बदलायला बसलो. कनेक्टरवरच्या पत्र्याचे बारीक स्क्रू काढून स्क्रीन पूर्ण वेगळी करायला हवी होती हे मान्य, पण म्हटलं पाच मिनिटांचं तर काम आहे, आणि ती तशीच एका डब्याला टेकवून उभी ठेवली. मग बॅटरीखालच्या गोंदाची ओढायची पट्टी मध्येच तुटली, दोन्ही हात बॅटरीत अडकले, पाच मिनिटांचा अर्धा तास झाला आणि कधीतरी कोपराचा धक्का लागून स्क्रीन सटकली. फोन परत सुरू केला तर बॅटरी नवी कोरी आणि स्क्रीनवर उभ्या हिरव्या रेघा. चूक माझीच, पण जी गोष्ट बिघडलेलीच नव्हती ती मी दुसरी गोष्ट दुरुस्त करताना मोडली, हे काही डोक्यातून जात नाही.

मागून उघडणाऱ्यात, आणि काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाठीचे बहुतेक अँड्रॉइड फोन यातच येतात, ही भानगड नाही. पाठ गरम करून काढली, वरचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि त्याचे डझनभर स्क्रू काढले की बॅटरी समोर. स्क्रीन खाली पालथी पडलेली असते, तिला कळतही नाही वर काय चाललंय. चार्जिंगचा जॅकही खालच्या छोट्या बोर्डावर असेल तर अजून थोडे स्क्रू काढून तो बोर्ड बाहेर. फक्त स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात जायला पाहिजे, लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर तो थेट बोर्डात घुसतो. मी कागदावर फोनचं चित्र काढून त्यावरच स्क्रू चिकटवतो, जरा बावळट दिसतं पण चालतं.

आता याची वाईट बाजू, कारण ती आहेच. स्क्रीन फुटली तर या प्रकारात रडायची पाळी. ती पुढून फ्रेमला चिकटवलेली असते आणि तिची फ्लेक्स फ्रेममधून मागे बोर्डाकडे गेलेली असते, म्हणजे पाठीमागचं सगळं काढून मग पुढून ती पातळ ओलेड स्क्रीन सोलायची, नाहीतर फ्रेमसकट नवी स्क्रीन आणून बोर्ड, बॅटरी, कॅमेरे, स्पीकर सगळं तिकडे हलवायचं. ही स्क्रीन बदलणं नाही, घर बदलणं झालं. माझा एक अख्खा रविवार गेला आणि शेवटी दोन स्क्रू उरले, ते कुठले ते अजून माहीत नाही. शिवाय पाठीवर फिंगरप्रिंट असलेला जुना फोन असेल तर त्याची केबल पाठीलाच जोडलेली असते, झटक्यात पाठ ओढली की ती गेली. पाठ काचेची असेल तर ती तडकण्याची भीती वेगळीच.

बॅटरीखालचा गोंद दोन्हीकडे तेवढाच छळतो. पट्टी असेल तर आडवी धरून सावकाश ओढायची, नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून वाट बघायची, आणि लोखंडी काहीही बॅटरीखाली घालायचं नाही, ती वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. उघडण्याआधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणून ठेवा.

दोन्हीकडून उघडणारेही असतात, २०२२ चा साधा आयफोन १४ तसाच आहे. फोन खोलून बघणाऱ्या आयफिक्सिट या वेबसाइटने त्याला दुरुस्तीसाठी आधी १० पैकी ७ गुण दिले होते, २०२३ मध्ये ते ४ वर आणले, कारण भाग सहज निघाला तरी सॉफ्टवेअर नव्या भागाला सहज आपलं म्हणत नाही. म्हणजे नुसतं कुठून उघडतो एवढ्यावर भागत नाही हेही खरं. आणि फेअरफोन ४ किंवा ५ सारखं पाठ नखाने काढून बॅटरी हाताने उचलता येत असेल तर हा सगळा लेखच तुमच्यासाठी नाही.

तर कोणता घ्यावा? तुमच्या हातून फोन सारखा पडत असेल तर पुढून उघडणारा बरा, यात मला शंका नाही. पण माझा फोन सहसा पडत नाही, कव्हर असतं, आणि स्क्रीन फुटेल न फुटेल, बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांत थकणारच. जे काम नक्की निघणार आहे ते सोपं असावं असं आपलं मला वाटतं, तुमचा हिशेब वेगळा असू शकतो. घ्यायच्या आधी त्या मॉडेलचा खोलतानाचा व्हिडिओ मिळाला तर बघा, पहिल्या दोन मिनिटांत कळतं आधी काय निघतं ते, आणि बॅटरीला ओढायची पट्टी आहे का तेही बघून घ्या.

सध्या माझ्याकडे मागून उघडणाराच आहे. दोनदा पाठ काढून झाली, दुसऱ्या वेळी गोंदाची नवी चौकट हाताशी नव्हती म्हणून जुन्यावरच दाबून बसवली, त्यामुळे तो आता पाण्यापासून काही सुरक्षित राहिला नाही आणि पावसात बाहेर पडताना मी त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतो.