‘ट्वायलाइट’: कादंबरी की मांगा?

दांडिया बाजारातल्या घरी भाचीने दोन्ही पुस्तकं माझ्या मांडीवर ठेवली. "मावशी, आधी कुठलं वाचू?"

स्टेफनी मायर यांची कादंबरी 2005 ची. यंग किम यांनी चितारलेल्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, धाटणीच्या आवृत्तीचा पहिला भाग 2010 चा, दुसरा 2011 चा.

कादंबरी नायिका बेलाच्याच तोंडून उलगडते. तिला आवडणारा एडवर्ड नक्की कोण, हा संशय तिच्याबरोबर आपल्यालाही पोखरत राहतो. चित्रांत हे मनातलं बोलणं बरंच आटतं. माझ्या मते हाच मोठा तोटा. पण बहुतेक पानं काळी-पांढरी असताना मधेच रंग उमलतो, किंवा शब्दच नसलेल्या चौकटीत नुसती नजर दिसते, तिथे मी पान उलटायचं विसरले. एवढं हळुवार प्रेम कादंबरीत मला जाणवलं नव्हतं.

तरी भाचीला म्हटलं, आधी कादंबरीच घे. बेलाचा चेहरा तुझा तू रंगव.