वेरूळला जुन्या वास्तूत मुक्काम की संभाजीनगरचं हॉटेल?

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे सारखं विचारायलेत की वेरूळ बघायचंय तर रहायचं कुठं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. वेरूळ-खुलताबाद पट्ट्यात जुन्या बांधणीचं, चार-सहा खोल्यांचं छोटं हॉटेल बघायचं, की तीसेक किलोमीटरवर शहरात एसी रूम घ्यायची.

कैलास, म्हणजे १६ नंबरचं लेणं, नीट बघायचा असेल तर रात्र वेरूळजवळच काढा, माझं मत हेच. शहरातून निघायचं म्हणजे आधी नाष्टा, मग ट्रॅफिक, त्यात दौलताबादजवळ रस्ता जुन्या दरवाजातून जातो, तिथं समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की बसा हॉर्न ऐकत, आणि तुम्ही पोचेस्तोवर शाळांच्या सहली उतरलेल्या असतात. मुक्कामी माणूस मात्र सकाळीच गेटवर. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, त्यामुळं त्या वेळी १६ नंबरात सावली असते, दगड गार असतो, खालच्या हत्तींच्या रांगेपाशी निवांत उभं राहून वर बघितलं की मग कळतं हा अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय. दुपारी रूमवर येऊन पडायचं आणि उन्हं कलल्यावर परत, तिकीट दुसऱ्यांदा काढावं लागलं तरी चालेल, कारण १० नंबरच्या बौद्ध लेण्याच्या दर्शनी भागावर ऊन तेव्हाच येतं. ३० ते ३४ ही जैन लेणी बरीच लांब आहेत, शहरातून आलेले लोक परतायच्या घाईत तीच सोडून देतात!

आता जुन्या वास्तूचं कौतुक जपून करा. जाड भिंती, उंच छत, सागवानी दारं हे सगळं खरं, पण कडी लावायला दार खांद्यानं रेटावं लागतं, पायऱ्या उंच, बाथरूम नंतर कुठंतरी बसवलेलं, लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखा. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, मग पिठलं-भाकरी गरम मिळते, रात्री दहाला पोचून मेनूकार्ड मागाल तर काही मिळायचं नाही. खिडकी उघडी ठेवून फिरायला जाऊ नका, वानरं असतात. गुडघे दुखणारे आई-वडील सोबत असतील तर सरळ शहरात लिफ्टवालं हॉटेल घ्या, संध्याकाळी बीबी का मकबरा, पाणचक्की होते, नान खलिया खाता येतो, दवाखानाही जवळ.

अजिंठ्याचा हिशोब वेगळा. ते शहरापासून सिल्लोडमार्गे साधारण शंभर किलोमीटर, वेरूळहूनही ते लांबच पडतं. म्हणून दोन रात्री असतील तर पहिली वेरूळ, दुसरी शहर, आणि फक्त अजिंठाच बघायचा तर मुक्काम लेण्यांजवळच्या फर्दापूरला.

श्रावणात मात्र वेरूळचा मुक्काम शांत वगैरे समजू नका, घृष्णेश्वरला सोमवारी तुफान गर्दी आणि शुक्रवारी रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला चालत जाणारे, रस्ता भरलेला असतो. आणि बुकिंगआधी वार बघा, वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. सोमवार-मंगळवारच सुट्टी मिळाली असेल तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, उलटं केलं तर दोन्हीकडं कुलूप.