वाटणी, निवड की थोरल्याला गादी? क्रुसेडर किंग्ज ३ मधला वारसा कायदा

क्रुसेडर किंग्ज ३ हा मध्ययुगीन राजघराणं चालवण्याचा संगणक-खेळ. राजा मेला की त्याचा वारस होऊन तुम्ही पुढे खेळता, म्हणून कुणाला काय मिळतं हे ठरवणारा वारसा कायदा महत्त्वाचा. आयर्लंडमधलं मन्स्टर, १०६६. नव्या खेळाडूला बहुतेकदा सुचवलं जातं तेच हे ठिकाण, आणि माझा पहिला लांबलेला डावही तिथलाच. सगळं आयर्लंड एक केलं, मग हौसेनं वेल्सचा अर्ध्याहून जास्त मुलूख घेतला. वेल्सचं राजेपद मात्र मुद्दाम तयार केलं नाही. पदच नाही तर वाटणी कशाची होणार, असा माझा हिशोब होता. राजा गेला आणि धाकट्याच्या नावानं वेल्सचं राज्य आपोआप उभं राहिलं, तेही स्वतंत्र. चाळीस वर्षांची कमाई एका रात्रीत दोन रंगांत विभागली गेली.

सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला येणारा कॉन्फेडरेट पार्टिशन हा कायदा असाच चालतो. तुमच्या मुख्य किताबाच्या (काउंटी, डची, राज्य, साम्राज्य अशी ही चढती पदं) तोडीचा दुसरा किताब बनण्याइतकी जमीन हाताशी असली, की खेळ तो किताब स्वतः बनवतो आणि पुढच्या वारसाला देतो. त्याच्यापुढचा साधा पार्टिशन नवे किताब बनवत नाही, असलेलेच वाटतो. हाय पार्टिशनमध्ये मुख्य वारसाला निदान अर्धं मिळतं. तिन्हींत राजधानीची काउंटी आणि मुख्य किताब त्याच्याकडेच राहतात, पण भोवतालच्या काउंट्या भावांकडे गेल्या की महसूल आणि सैन्य दोन्ही आटतात.

खेळ ८६७ किंवा १०६६ सालापासून सुरू करता येतो. ८६७ चा नकाशा उघडलात तर वाटणीचा परिणाम समोरच मांडलेला दिसतो. ८४३ च्या व्हर्दनच्या तहानं फ्रँक सम्राट शार्लमेनच्या तीन नातवांनी त्याचं साम्राज्य वाटून घेतलं. चोवीस वर्षांनी, खेळ सुरू होतो तेव्हा, पश्चिमेला टकल्या चार्ल्स, पूर्वेला जर्मन लुई, इटलीत दुसरा लुई आणि मध्ये लोथारिंजियात दुसरा लोथार. या लोथारला औरस वारस नव्हता. तो ८६९ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी मेर्सनच्या तहात चार्ल्स आणि जर्मन लुई या दोन काकांनी त्याचं राज्य आपसात वाटून घेतलं. भावांत वाटणी झाली की एकाची ओढगस्त ही दुसऱ्याची संधी असते, आणि खेळात तुम्हीही नेमकं हेच करणार असता: मुख्य वारसाला भावांच्या किताबांवर दावे मिळतात, मग तो लढून सगळं परत गोळा करतो. पहिल्या दोन पिढ्यांत हा मार्ग वाईट नाही. त्या भावांनाही तुमच्या गादीवर दावा असतो, एवढं मात्र लक्षात ठेवा.

मग सगळ्यांची नजर प्रायमोजेनिचरवर जाते. सगळं थोरल्याला, विषय संपला. अडचण काळाची आहे. हा कायदा खुली करणारी इनोव्हेशन, म्हणजे खेळातली नवी सुधारणा, शेवटच्या युगातली, आणि ते युग १२०० च्या आधी उघडत नाही. ८६७ ला सुरू केलंत तर तीनशे तेहतीस वर्षं वाट पाहायची, आणि खेळ संपतो १४५३ ला. म्हणजे अर्ध्याहून जास्त डाव तुम्ही या कायद्याशिवायच खेळणार. ‘प्रायमोजेनिचर येईपर्यंत कसंबसं ढकलू’ असं म्हणणाऱ्यांचे डाव मध्येच सुटतात, हे मी मित्रांच्या बाबतीत अनेकदा पाहिलं आहे.

शिवाय थोरल्याला गादी दिली म्हणून धाकटा गप्प बसतो असं नाही. १०६६ च्या नकाशावर दख्खनही आहे, आणि त्या साली कल्याणीला चालुक्यांचा पहिला सोमेश्वर राज्य करत होता. १०६८ मध्ये त्यानं कुरुवत्तीला तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. गादी रीतीप्रमाणे थोरल्या दुसऱ्या सोमेश्वराला मिळाली. आठ वर्षांनी धाकट्या विक्रमादित्यानं त्याला बाजूला सारलं, स्वतःचा चालुक्य विक्रम शक सुरू केला आणि पन्नास वर्षं राज्य केलं. कर्तबगार धाकटा आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे मांडलिक असले की कायदा कागदावरच राहतो. खेळातही दावेदार भावाला गादीवर बसवण्यासाठी मांडलिकांचे गट असेच उभे राहतात.

म्हणून माझं मत असं: कायदा निवडताना मुलं मोजू नका, मांडलिक मोजा.

याच हिशोबानं निवडणुकीकडे, म्हणजे इलेक्टिव्हकडे पाहावं. हा कायदा एकेका किताबावर लागतो आणि त्यासाठी प्रेस्टिज, म्हणजे खेळातली प्रतिष्ठा, मोजावा लागतो. तो लागला की तो किताब वाटणीतून बाहेर पडतो आणि मतं मिळतील त्याच्याकडे जातो. राज्य लहान असेल, मतदार दोन-तीनच असतील आणि ते तुमच्यावर खूश असतील, तर तुम्हाला हवा तोच मुलगा निवडून येतो, मग तो तिसरा का असेना. मठ्ठ थोरल्याला डावलून हुशार मुलीला किंवा धाकट्याला पुढे आणण्याची ही सर्वांत स्वच्छ वाट आहे. त्यासाठी कुणाला विष घालावं लागत नाही. आयर्लंडमध्ये तर तॅनिस्ट्री ही गेलिक पद्धत मिळते, आणि तिथे उमेदवार घराण्यातलेच असल्यानं गादी परक्याकडे जाण्याची भीती नाही. दुसऱ्या डावात मी हीच घेतली आणि आयर्लंडचं राजेपद चार पिढ्या अखंड राहिलं. काउंट्या मात्र वाटणीच्या कायद्यानंच जातात, त्यामुळे स्वतःकडच्या काउंट्या एक-दोन डचींतच ठेवाव्यात.

मतदार बलाढ्य असतील तर हाच कायदा गळफास होतो. साम्राज्यातले पाच ड्यूक तुमच्यावर नाराज आहेत, राजा अचानक मेला, आणि मतं गेली शेजारच्या घराण्याच्या माणसाला: मुख्य किताब गेला. फ्रान्सच्या ह्यू कॅपेला हे पक्कं कळलं होतं. तो स्वतः ९८७ मध्ये सरदारांच्या निवडीनं राजा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यानं मुलगा रॉबर्टचाही राज्याभिषेक करवून घेतला. खेळात हे काम तुम्ही राजा ठणठणीत असतानाच करायचं असतं: भेटी द्या, सोयरिकी जुळवा, एखाद्या ड्यूकचं गुपित हाताशी ठेवा.

घराण्यातल्या सर्वांत वयस्काला गादी देणारी हाउस सीनियॉरिटी मी कुणाला सुचवत नाही. राज्य एकत्र राहतं, पण दर सात-आठ वर्षांनी नवा म्हातारा गादीवर येतो आणि मांडलिकांना तो ओळखीचा होण्याआधीच जातो.

वारस कमी करण्याचे उपायही आहेत. नको असलेल्या मुलाला संन्यास घ्यायला सांगता येतं, घराण्याचे प्रमुख असाल तर वारसाहक्क काढून घेता येतो. वारसाहक्क काढायला घराण्याची रेनाउन, म्हणजे साठवलेली कीर्ती, लागते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू जमते. सरसकट उधळू नका. स्वतःच्या पोराला मारण्याच्या वाटेला तर जाऊच नका, स्वजनहत्येचा डाग सगळ्यांच्या नजरेत राहतो.

तर ८६७ ला टोळीचे नायक म्हणून सुरू करणार असाल, तर वाटणी स्वीकारा, दुसऱ्या राज्याची अर्धी हद्द ओलांडण्याआधी राजाचं वय बघा, आणि लढून परत मिळवायची तयारी ठेवा. १०६६ ला छोट्या सरंजामी राज्यात असाल, तर प्रेस्टिज साठवून राजपदावर निवडणूक लावा. आणि चौथ्या-पाचव्या पिढीत ड्यूक तुमच्याइतकेच मोठे झालेले दिसले, की निवडणूक काढून हाय पार्टिशनवर या, प्रायमोजेनिचर अजून शंभर वर्षं लांब असलं तरी.