आठ महिन्यांच्या वापरानंतर: जुन्या कीपॅड फोनसाठी ऑडॅसिटीवर केलेल्या रिंगटोन

आईच्या कीपॅडच्या फोनसाठी मी पहिली रिंगटोन गेल्या गणपतीत तयार केली आणि तेव्हापासूनच्या आठ महिन्यांत घरातल्या, नात्यातल्या आणि इमारतीतल्या जुन्या फोनांसाठी मिळून चाळीसेक तरी केल्या असतील. हे सगळे काम ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरवर केले. २००० साली प्रथम आलेले हे सॉफ्टवेअर मुळात ध्वनिमुद्रण आणि संपादन यांसाठी आहे. खास रिंगटोनसाठी मिळणारी दोन-तीन ॲप्सही मी वापरून पाहिली. पण ती गाणे कापून देतात आणि तिथेच थांबतात. कापणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. कापलेला तुकडा फोनच्या बारीकशा स्पीकरमधून दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल असा करणे, यातच खरा वेळ जातो.

माझा पहिला प्रयत्न पूर्ण फसला. लग्नाच्या जुन्या कॅसेटवरचा सनई-चौघडा संगणकावर उतरवून ठेवलेला होता. त्यातला ४० सेकंदांचा तुकडा ३२० केबीपीएसवर (हा बिटरेट, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक सेकंदासाठी किती किलोबिट माहिती वापरायची ते) एमपीथ्री करून मी फोनमध्ये टाकला. ती फाइल सुमारे १.६ एमबीची झाली. फोनने ती म्युझिक प्लेअरमध्ये निमूटपणे वाजवली, पण रिंगटोन म्हणून निवडताच फाइल मोठी असल्याचे सांगून नाकारली. स्पीकर एकच असल्यामुळे स्टिरिओ ठेवण्यात अर्थच नव्हता. मोनो करून, ६४ केबीपीएसवर आणि ३० सेकंदांत बसवल्यावर तीच फाइल २४० केबीची झाली आणि लगेच स्वीकारली गेली. ३० सेकंदांपेक्षा लांब रिंगटोन करण्याचा तसाही उपयोग नाही, कारण ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेने २०१९ मध्ये आपल्याकडे मोबाइलची घंटा वाजण्याचा अवधी ३० सेकंद ठरवून दिला आहे. म्हणूनच आलापाने सुरू होणारा तुकडा मी आता घेत नाही. गाणे रंगात येईपर्यंत समोरच्याचा फोन बंद झालेला असतो.

फाइल स्वीकारली गेली तरी चौघडा कुठे ऐकूच येत नव्हता. सनई तेवढी वाजत होती आणि तीही दबकी. अशा फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. खालचे, घुमणारे स्वर त्याच्याने निघत नाहीत. तबला असेल तर दायाँ टकटक ऐकू येतो आणि डग्गा जवळजवळ नाहीसा होतो. गंमत अशी, की न ऐकू येणारे हे खर्जातले आवाज फाइलमधली पातळी मात्र अडवून बसतात, आणि त्यामुळे उरलेला आवाज मोठा करायला गेले की तो फाटतो. त्यावर उपाय म्हणजे ऑडॅसिटीतला हाय-पास फिल्टर. मी साधारण ४०० हर्ट्झच्या खालचे सगळे काढून टाकतो, मग कॉम्प्रेसर लावून बारीक आणि मोठ्या आवाजांतले अंतर कमी करतो आणि शेवटी नॉर्मलाइझने सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलवर, म्हणजे आवाज फाटण्याच्या मर्यादेच्या जरा खाली, आणतो. संगणकाच्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर हे ऐकवत नाही, पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखे वाटते. फोनवर मात्र तेच खणखणीत लागते. या एका टप्प्याने जेवढा फरक पडला, तेवढा बाकी कशानेही पडला नाही. निवडलेल्या तुकड्याच्या टोकाशी ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर निवड कायम ठेवून झेड ही कळ दाबावी. निवडीच्या कडा लहर शून्यावर असते तिथे सरकतात आणि तो आवाज जातो.

दुसरी गोष्ट मला आईमुळे कळली. वय वाढते तसे माणसाला उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात. मी पाच नमुने तयार केले, स्वयंपाकघरात मिक्सर चालू ठेवून फोन बाहेरच्या खोलीत ठेवला आणि गॅलरीतून फोन लावत राहिलो. संतूर तिला एकदाही ऐकू आले नाही, पेटी आणि सनई दरवेळी ऐकू आली. मधल्या पट्टीतला, सलग आणि भरीव स्वर हवा, हे त्या दिवशी नक्की झाले. ‘अरे, खाली कुणाकडे कार्य आहे का?’ असे तिने पहिल्याच वेळी विचारले, ती सनई अजून कायम आहे.

काकांचा फोन याहून जुना असून तो रिंगटोनसाठी एएमआर फाइलच घेतो. त्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेग हे फाइलींचे प्रकार बदलणारे मोफत सॉफ्टवेअर वेगळे जोडावे लागते. ते एकदाच करायचे काम आहे. मात्र एएमआर हा प्रकार बोलण्याच्या आवाजासाठी बेतलेला आहे: आवाजाची सेकंदाला ८,००० मोजमापे आणि जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस. भजनातला टाळ त्यात अक्षरशः भाजी फोडणीला टाकल्यासारखा चरचरतो. त्याउलट, काकूंच्या आवाजातली दोन ओळींची ओवी सुरेख उतरली आणि फाइल ५० केबीसुद्धा झाली नाही. त्याहून मागचे, फक्त मिडी वाजवणारे फोन असतील, तर गाण्याची फाइल बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नये. मिडीमध्ये आवाज नसतो, कोणता स्वर किती वेळ वाजवायचा याच्या सूचना असतात. एमपीथ्रीपासून मिडी करून देणारी साधने मी वापरून पाहिली आणि प्रत्येकातून स्वरांचा गोपाळकाला बाहेर आला. स्वरलिपी येत असेल, तर चार ओळी हाताने बसवणे त्यापेक्षा लवकर होते.

किरकोळ बाबींत, फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवावे, कारण देवनागरी नावाच्या जागी आईच्या फोनवर नुसते चौकोन दिसतात. एमपीथ्री करताना बिटरेट स्थिर ठेवावा. बदलता ठेवला, तर काही जुने फोन गाण्याची लांबी चुकीची दाखवतात. प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळी रिंगटोन लावायची असेल, तर आधी तिचा क्रमांक सिमवरून फोनच्या मेमरीत घ्यावा. सिमवरच्या क्रमांकाला रिंगटोनचा पर्यायच दिसत नाही, हे लक्षात यायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

सध्या आईच्या फोनवर सहा जणांसाठी सहा वेगळ्या रिंगटोन आहेत. बाकी सगळ्या क्रमांकांसाठी फोनची मूळ घंटाच राहू दे, असे तिने बजावले आहे. ती वाजली की जागचे उठायचे नाही, असा तिचा हिशेब आहे.