सोडा मशीनखाली चाकांचा स्टँड: लाकडी, लोखंडी, फिरता की लिफ्ट टेबल?

१९५० च्या दशकातलं सोडा मशीन (नाणं टाकून थंड पेयाची बाटली काढायचं) दुरुस्त करून नवं करायला गॅरेजमध्ये आणून ठेवलंय, किंवा येत्या शनिवारी आणायला निघालाय, आणि त्याच्याखाली काय करायचं तेच ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. मी अमेरिकेत राहतो. व्हेंडो कंपनीचं ८१ हे मॉडेल पूर्ण करून झालं, त्यांचंच एक ४४ सध्या अर्धं उघडून पडलंय, आणि खालचे चारही प्रकार मी वापरलेत, दोन स्वतः बनवून आणि दोन एका मित्राच्या शॉपमध्ये. कोकाकोला १९७७ ला भारतातून गेलं ते थेट ९३ ला परत आलं, त्यामुळे लहानपणी असलं लाल मशीन कधी बघितलंच नव्हतं, इथे पहिल्यांदा बघितलं आणि वेडच लागलं.

मला उशिरा कळलेली गोष्ट आधीच सांगतो. स्टँड एक नाही, दोन लागतात. अख्खं मशीन खूप जड असतं, ते जमिनीलगतच पाहिजे. सगळं काढून झाल्यावर उरलेलं नुसतं पत्र्याचं कॅबिनेट हलकं असतं, ते कमरेइतक्या उंचीला पाहिजे, नाहीतर गंज घासताना पाठ जाते. आपण सगळे एकाच स्टँडवर दोन्ही कामं करायला बघतो आणि मग ना हे धड होतं ना ते.

आता मापं. व्हेंडो ८१ म्हणजे साधारण २७ इंच रुंद, १६ इंच खोल आणि ५८ इंच उंच. ४४ ची उंची जवळपास तेवढीच पण रुंदी फक्त १६ इंच, म्हणजे बूड अगदीच लहान. नेमकं वजन काही असो, मी हिशोबाला ४०० पौंड धरतो. कॉम्प्रेसर तळाशी असल्यामुळे अख्खं मशीन तसं स्थिर उभं राहतं, पण तो काढला की तेच मशीन हलकं होऊनसुद्धा डोक्याकडे जड होतं आणि तेव्हाच जास्त डुलतं.

लाकडी स्टँड. एकच मशीन करायचं असेल तर हाच करा, दुसरा विचारच नको. टू बाय फोर (प्रत्यक्षात ते दीड बाय साडेतीनच असतं) ची चौकट, वर पाऊण इंची प्लायवूड आणि त्यावर जुन्या कार्पेटचा तुकडा. ८१ ला ३२ बाय २४ चा तळ पुरतो. ४४ ला मात्र मशीन लहान आहे म्हणून स्टँड लहान करू नका, तिथेही निदान २४ बाय २४ ठेवाच. दुपारभरात होतं, एक सॉ आणि एक ड्रिल बास.

खरा खर्च लाकडाचा नसून चाकांचा आहे, आणि तिथे हात आखडू नका. पहिल्या वेळी मी २ इंची प्लास्टिकची चाकं लावली होती. गॅरेजची फरशी संपून ड्राइव्हवे सुरू होतो तिथे एक फट असते बघा, पुढचं चाक नेमकं त्यात गेलं, मशीन थांबलं पण वरचा भाग पुढे आला, दरवाजाला कुलूप नव्हतं तो उघडला आणि सगळं वजन दरवाजाबरोबर पुढे. मेव्हणा मागे होता म्हणून वाचलो, त्याने मागून दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. तेव्हापासून ५ इंची पॉलियुरेथेनचीच चाकं, आणि हलवायच्या आधी दरवाजाला रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा). चाकाचं रेटिंग, म्हणजे ते किती वजन पेलतं, बघताना ४०० ला ४ ने भागू नका, ३ ने भागा, कारण फरशी कधीच सपाट नसते आणि चौथं चाक बऱ्याचदा नुसतं अधांतरी असतं. म्हणजे एका चाकावर १३३ पौंड, मी २०० च्या पुढचीच घेतो. आणि चाकं लाकडात स्क्रूने नको, आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा), कारण चाक अडकलं की स्क्रू लाकडातून उपसून येतो.

लॉक असं घ्या की चाकाचं फिरणं आणि वळणं दोन्ही बंद होईल. इथल्या गॅरेजच्या फरशीला पाणी बाहेर जावं म्हणून दरवाजाकडे उतार असतो, फुटाला एक अष्टमांश इंच धरला तरी २० फुटांत अडीच इंच होतात, आणि तुम्ही दरवाजावर जोर लावून बिजागरी सोडवत असता तेव्हा मशीन आपलं हळूहळू रस्त्याकडे निघतं.

लोखंडी स्टँड. वेल्डिंग येत असेल किंवा वर्षाला दोन-तीन मशीनं करत असाल तरच. दीड इंची चौकोनी पाइपची चौकट ओली होऊन फुगत नाही, आणि मशीनच्या बुडाला पाय बसवायची जी भोकं असतात त्यातून ती थेट बोल्टने जोडता येते, हा मोठा फायदा आहे, कारण मग मशीन स्टँडवर ठेवलेलं नसतं तर त्याला बांधलेलं असतं. पावडर कोटिंगवाल्याकडे (रंगाची पूड भट्टीत भाजून चढवतो तो) पाठवायचं असेल तरी हेच बरं, ती भट्टी ४०० फॅरनहाइटच्या आसपास तापते, लाकूड आत जाऊच शकत नाही. तोटा म्हणजे माप एकदा चुकलं की चुकलं. ८१ साठी केलेली चौकट ४४ ला चालत नाही, दुसऱ्या कंपनीचं कॅव्हेलियर ७२ आलं तर तिसरीच करावी लागते. लाकडात आपण एक फळी कापून दुसरी मारतो.

फिरता स्टँड. गाडीची बॉडी लावतात तसा, दोन टोकांना दोन खांब आणि मध्ये कॅबिनेट आडवं गोल फिरतं. रंगाला याच्यासारखं सुख नाही, पाठ, बूड, दोन्ही बाजू एकाच दिवशी मारता येतात आणि ओघळ येत नाहीत. अडचण पकडायची आहे. बुडाला भोकं आहेत, डोक्याला काहीच नाही, तिथे आतून प्लायवूडचा तुकडा घट्ट बसवून त्याला धरावं लागतं, आणि पत्रा दाबला जाऊन पोचा येऊ नये म्हणून मध्ये रबर. काही जण याऐवजी इंजिन स्टँड (गाडीचं सुटं इंजिन एका बाजूने धरायचा) सुचवतात, त्यावर १००० पौंड लिहिलेलं असतं ना. पण ते वजन इंजिन प्लेटच्या अगदी जवळ असताना पेलायचं आहे. कॅबिनेट एका टोकाला धरलं की त्याचा मध्य २९ इंच लांब जातो, १५० पौंडाचं कॅबिनेट असलं तरी पिळ ४,००० इंच-पौंडाच्या वर. तीन चाकांचा असेल तर मी त्याला हातसुद्धा लावणार नाही.

आणि मशीन आडवं करण्याआधी गॅसचं बघा. ५० च्या दशकातल्या मशीनमध्ये थंड करायला बहुतेक आर-१२ हा गॅस असतो, पाइप कापून तो हवेत सोडणं इथे १९९२ पासून बेकायदा आहे, त्याचं लायसन्स असलेल्या माणसाकडून काढून घ्या. कॉम्प्रेसर परत वापरणार असाल आणि तो आडवा झाला असेल तर उभा करून एक दिवस ठेवा, तेल खाली उतरू द्या, मगच प्लग लावा.

लिफ्ट टेबल, म्हणजे पायाने पंप मारून वर जाणारं. अख्ख्या मशीनसाठी नको, कारण खाली असताना सुद्धा ते जमिनीपासून आठ-नऊ इंच वर असतं, तिथपर्यंत मशीन चढवायचं कोणी? पण कॉम्प्रेसरचं युनिट बाहेर ओढून घ्यायला आणि सुटा दरवाजा ठेवून काम करायला फार छान. फक्त रात्रभर वर ठेवलं तर हायड्रॉलिक थोडं बसतं, खाली ठोकळा द्या. मित्राकडे असेल तर उसनं आणा, एवढ्यासाठी विकत घेऊ नका.

माझ्याकडे आत्ता जे आहे ते सांगतो. अख्ख्या मशीनला जमिनीलगतचा लाकडी स्टँड, आणि रिकाम्या कॅबिनेटला ३० इंच उंचीची लाकडी खाट, तिलाही तसलीच ५ इंची चाकं, त्यावर कॅबिनेट पाठीवर झोपवतो. ४४ चा दरवाजा काढून झालाय, बुडाचे दोन बोल्ट गंजून धरलेत, त्यांना तीन दिवस झाले रोज सकाळी तेल घालतोय. ते सुटले की कॅबिनेट खाटेवर जाईल.