शेणखत, गांडूळखत आणि सोयाबीनच्या रानातला वापसा : दोन खरिपांचा अनुभव

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या आमच्या तीन एकर मध्यम काळ्या रानात गेली पंधरा-सोळा वर्षे खरिपात सोयाबीन आणि ओल असेल तेव्हा रब्बीत हरभरा, हेच चालू होते. बैल कमी झाले तसे शेणखत कमी झाले आणि सगळी भिस्त पोत्यांतल्या खतांवर आली. उत्पादन एकदम घसरले नाही. पण पेरणीआधी पाळी घातली की ढेकळे फुटत नसत, मोठा पाऊस झाला की पाणी चार-चार दिवस साचून राही आणि उघडीप मिळाली की आठवड्यात भेगा दिसत. मे २०२३ मध्ये माती तपासून घेतली तेव्हा सामू (पीएच) ८.१ आणि सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के आला. त्यानंतर या रानाचे एकेक एकराचे तीन पट्टे केले. पहिल्यात नेहमीची रासायनिक खते दिली, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला एकरी दोन ट्रॉली शेणखत टाकले आणि तिसऱ्यात एकरी एक टन गांडूळखत. वाण तिन्हीकडे एमएयूएस ७१, बीजप्रक्रियाही एकच : आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर पेरणीच्या तोंडावर मुळांवर गाठी करून नत्र (नायट्रोजन) बांधणारे रायझोबियम आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू. ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या दोन हंगामांत जे पाहिले, ते इथे लिहीत आहे.

सगळ्यात आधी फरक दिसला तो पाण्यात. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात झालेली असल्यामुळे पीक नेमके फुलोऱ्यात असताना पावसाने दडी मारली. पहिल्या पट्ट्यातली पाने दुपारी अकरालाच उलटी पडून पांढरट दिसू लागत; शेणखताच्या पट्ट्यात तीच अवस्था चार-पाच दिवस उशिरा आली. हे चार-पाच दिवस कागदावर थोडे वाटतील, पण फुलगळ थांबणे आणि न थांबणे यांतले अंतर तेवढेच असते. काळ्या मातीतली चिकण पाणी भरपूर धरते, मात्र त्यातले बरेचसे इतके घट्ट धरते की मुळांना ते ओढता येत नाही. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर जगणारे जिवाणू आणि बुरशी जो चिकट स्राव सोडतात, त्याने मातीच्या बारीक कणांचे रवे बांधले जातात, रव्यांमधल्या पोकळीतून पाऊस खाली उतरतो आणि मुळेही त्याच वाटेने खोल जातात. बूड कापलेला पत्र्याचा डबा प्रत्येक पट्ट्यात चार बोटे दाबून त्यात एक लिटर पाणी ओतून मी हे अनेकदा पाहिले. दुसऱ्या वर्षी शेणखताच्या पट्ट्यात ते पाणी पहिल्या पट्ट्याच्या जवळपास निम्म्या वेळात जिरले.

२०२४ ने उलटी परीक्षा घेतली. सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि शेंगा भरत असताना रान तुडुंब झाले. पहिल्या पट्ट्यात सहा दिवस पाय ठेवता येत नव्हता. शेणखताच्या पट्ट्यात चौथ्या दिवशी वापसा आला, म्हणजे जादा पाणी ओसरून रान पाय ठेवण्याजोगे झाले. मुळांवरच्या गाठींना हवा लागते, पाण्यात बुडून राहिल्या की त्या नत्र बांधायचे थांबतात आणि झाड वरून पिवळे पडत जाते. त्या आठवड्यात झाडे उपटून गाठी चिरून पाहिल्या. शेणखत आणि गांडूळखताच्या पट्ट्यांतल्या बहुतेक गाठी आतून गुलाबी, म्हणजे काम करणाऱ्या होत्या, तर पहिल्या पट्ट्यात निम्म्याहून अधिक हिरवट-तपकिरी आणि मऊ. सेंद्रिय खताचे दोन्ही पट्टे मी या वर्षी युरियाचा एक दाणाही न देता काढले. सोयाबीनला सुरुवातीला फार नत्र मिळाले तर गाठी आळशी होतात, त्यामुळे ही बचत पिकाच्याही हिताची आहे.

स्फुरदाबाबत मात्र भाबडेपणा नको. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का आणि स्फुरद जेमतेम पाव टक्का असते, म्हणजे हेक्टरी पाच टनांतून स्फुरद मिळते दहा-बारा किलो. आमच्या भागात सोयाबीनला शिफारस आहे हेक्टरी साठ किलोंची. म्हणून सिंगल सुपर फॉस्फेटची एकरी तीन पोती मी कोणत्याच पट्ट्यात सोडली नाहीत. सोयाबीनला लागणारे गंधकही त्यातूनच मिळते. चुनखडीच्या जमिनीत दिलेले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाऊन अडकते आणि कुजणाऱ्या पदार्थातली सेंद्रिय आम्ले त्यातले काही मोकळे ठेवतात, असा या जोडीचा उपयोग आहे. लोहाचेही तसेच असावे. उताराच्या खालच्या चुनखडीच्या कोपऱ्यात दरवर्षी कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत, ती दुसऱ्या वर्षी बरीच कमी पडली.

आता चुका. पहिल्या वर्षी घेतलेल्या शेणखताची शेवटची अर्धी ट्रॉली उकिरड्याच्या वरच्या थराची, अर्धवट कुजलेली होती. हात घातला तर ती गरम लागत होती. वेळ नव्हता म्हणून ती तशीच पांगवली. त्या दहा-बारा गुंठ्यांत मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळीने झाडे वाळवली, तण दुपटीने उगवले आणि पहिले तीन आठवडे पीक फिकट राहिले, कारण कच्चा काडीकचरा कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र आधी स्वतःसाठी उचलतात. तेव्हापासून काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले आणि हातात घेतल्यावर थंड लागणारे खतच मी रानात जाऊ देतो.

गांडूळखताचा अनुभव संमिश्र आहे. पहिल्या वर्षी विकत घेतलेल्या पोत्यांत माती आणि ओल इतकी होती की एका टनाचे खरे खत किती, हे सांगणे अवघड. दुसऱ्या वर्षी बारा बाय चार फुटांचे दोन बेड घालून, शेण आणि सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरणारे भुसकट) थर देऊन घरीच केले, तेव्हा त्याचा दर्जा कळला. पेऱ्याबरोबर ओळीत दिल्यास ते लवकर लागू होते आणि सुरुवातीची वाढ जोमदार दिसते. पण जमीन भुसभुशीत करण्याचे काम एका टनात शेणखताच्या दोन ट्रॉलींइतके होत नाही. जीवामृत दोन्ही वर्षे काही ओळींना दिले. दोनशे लिटरमध्ये शेण असते दहा किलो, त्यामुळे त्याला खताची जागा देणे चूक आहे. ज्या ओळींत आधी शेणखत होते तिथे थोडा तजेला दिसला, नुसत्या ओळींत मला काही दिसले नाही.

उत्पादन सांगितल्याशिवाय हे लिहिणे अपुरे राहील. २०२३ मध्ये पहिल्या पट्ट्यात पाच, शेणखतात सहा आणि गांडूळखतात पावणेसहा क्विंटल उतारा पडला. २०२४ मध्ये अनुक्रमे सात, सव्वाआठ आणि आठ. पहिल्या वर्षी पिवळा मोझॅक हा विषाणूरोग तिन्ही पट्ट्यांत सारखाच आला; तो पांढरी माशी पसरवते, खताने त्यात फरक दिसला नाही. शेणखत पोहोच सात हजार रुपये एकरी पडले होते, पांगवायची मजुरी वेगळी. वाढीव एका क्विंटलने ते पहिल्या वर्षी भरून निघाले नाही. दुसऱ्या वर्षी घरचे खत होते म्हणून दोन वर्षांचा हिशेब जेमतेम जुळला, आणि त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये असताना माल आम्ही बाजारात त्याहून बऱ्याच खाली विकला, हेही त्यात धरले आहे. दरवर्षी विकतचे शेणखत घेऊन सोयाबीन परवडेल, असे मी कुणाला सांगणार नाही.

काढणीनंतरच्या तपासणीत शेणखताच्या पट्ट्याचा कर्ब ०.४६ आला. एका नमुन्यातला एवढा फरक नमुना कुठून घेतला यानेही पडू शकतो, म्हणून त्याचा मी गाजावाजा करत नाही. आमच्या उन्हात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळतो आणि कर्ब वाढायला वर्षे लागतात. कुळव मात्र त्या पट्ट्यात हलका चालतो, हे माझ्याइतकेच बैलांनाही कळते.

या वर्षी हडंब्यातून (मळणीयंत्रातून) निघालेली सगळी गुळी बांधावर न पेटवता शेणकाल्याचे थर देऊन खड्ड्यात भरली आहे. दर महिन्याला ती खालीवर करतो, ओल मुठीत दाबल्यावर बोटांना लागेल इतपत ठेवतो. मेच्या अखेरीस ती पहिल्या पट्ट्यात जाईल. तुलनेसाठी त्यातले फक्त दोन गुंठे बांधाकडेला खुंट्या ठोकून तसेच सोडले आहेत.