खाऱ्या हवेत टिकणारा १० मीटरचा पट्टा: कुत्र्यासाठी घ्यावा का?

अठरा-वीस किलोच्या, अंगात वारं भरलेल्या मिश्र जातीच्या कुत्र्याला दीड मीटरचा पट्टा पुरत नाही. गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर मोकळं सोडायचीही सोय नाही. खेकडे, कावळे, वाळत घातलेली मासळी, सगळंच त्याला बोलावतं. इथे प्लास्टिकचा लेप दिलेला १६ मिलिमीटर रुंदीचा लांब पट्टा नायलॉनपेक्षा उजवा. नायलॉन पाणी पितो, वाळू धरतो, पावसाळ्यात वाळता वाळत नाही आणि कुबट वास मारतो. हा फडक्याने पुसला की झालं.

खरी मेख पट्टा कुत्र्याला अडकवायच्या खटक्याच्या कडीत आहे. चकचकीत मुलामा दिलेली लोखंडी कडी खाऱ्या हवेत गंजते. आधी आतली स्प्रिंग अडकते, मग खटका अर्धवट मिटतो आणि कुत्रा सुटतो. पितळी किंवा ३१६ प्रतीच्या, म्हणजे खाऱ्या हवेत सहसा न गंजणाऱ्या, स्टेनलेस स्टीलचीच मागा. तरीही घरी आल्यावर गोड्या पाण्यात धरून खटका पाच-सहा वेळा दाबा, वाळू निघते. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

दोष? ओला झाला की हातातून सटकतो आणि तळवा सोलतो. शेवटच्या दोन मीटरवर अर्ध्या-अर्ध्या मीटरला गाठी मारा. टोकाची मूठ कापून टाका, सुरूच्या बनात मुळांना अडकते. गळपट्ट्याला मात्र कधीच लावू नका: दहा मीटर धावून बसणारा हिसका थेट मानेवर येतो. छातीपट्ट्याची पाठीवरची कडी वापरा.

एसटी स्टँडवर किंवा बाजारात याचा काडीचा उपयोग नाही.